कोजागिरीला गच्चीवर ब्लूटूथ स्पीकर: कुठे ठेवायचा, किती वाजवायचा

दिवाणखान्यात घर दणाणून सोडणारा स्पीकर गच्चीवर नेला की एकदम दुबळा वाटायला लागतो. मग कुणीतरी आवाज पूर्ण वाढवतं, आणि तिथेच गडबड होते. गाणं कर्कश होतं, बॅटरी भराभर उतरते आणि समोरच्या इमारतीतून फोन येतो.

स्पीकर बिघडलेला नसतो. खोलीत भिंती आणि छत आवाज परत फेकतात, म्हणून तो भरीव वाटतो. गच्चीवर गेलेला आवाज परत येतच नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. एक मीटरवर ८५ डेसिबल असेल तर दोन मीटरवर ७९, चारवर ७३ आणि आठवर ६७. याउलट २० वॅटच्या जागी तसाच ४० वॅटचा स्पीकर आणला तर वाढतात जेमतेम ३ डेसिबल. म्हणजे स्पीकर आठ मीटरवरून चार मीटरवर सरकवला, की चौपट वॅटचा आणल्याइतका फरक पडतो, आणि तोही फुकट. त्यामुळे आवाजाच्या बटणाला हात लावण्याआधी जागा ठरवा.

जागा

कठड्यावर स्पीकर कधीही ठेवू नका. ठेका जोरात असला की लहान स्पीकर स्वतःच्याच थरथरीने हळूहळू सरकतो, आणि खाली माणसं असतात. शिवाय कठड्यावरून निम्मा आवाज शेजाऱ्यांकडे जातो.

समोरच्या बाजूने वाजणारा स्पीकर असेल तर जिन्याच्या खोलीच्या किंवा टाकीच्या भिंतीला पाठ करून ठेवा. भिंत आणि स्पीकर यांत १० ते १५ सेंटिमीटर फट राहू द्या. मागे वाया जाणारा ढोलक-तबल्याचा जड आवाज भिंतीवरून पुढे येतो आणि बटणाला हात न लावता ठेका भरतो. दोन भिंतींच्या कोपऱ्यात हा परिणाम आणखी वाढतो. फारच घुमायला लागलं तर अर्धा मीटर पुढे ओढा. दोन्ही टोकांना थरथरणाऱ्या गोल चकत्या असलेला नळकांड्यासारखा स्पीकर आडवाच ठेवा. त्या चकत्या मोकळ्या हलल्या तरच खालचा सूर निघतो. स्पीकर टोकावर उभा केला किंवा भिंतीला चिकटवला तर फडफड ऐकू येते, आणि चकती फाटण्याचीही भीती असते.

उंचीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरचे बारीक, वरचे सूर पहिल्या रांगेतल्या पाठींना धडकून तिथेच थांबतात. मागच्यांना मग फक्त धपधप ऐकू येते, शब्द कळत नाहीत. माणसं सतरंजीवर बसणार असतील तर दीड-दोन फूट उंचीचं स्टूल घ्या आणि स्पीकरचं तोंड किंचित वर करा; खुर्च्या असतील तर तीन फूट. प्लॅस्टिकची खुर्ची स्वतःच खडखडते, म्हणून स्पीकरखाली टॉवेलची घडी किंवा रबरी पायपुसणं घाला.

चारही बाजूंना वाजणारा गोल स्पीकर असेल तर भिंतीचा विचार सोडा. तो मध्यभागी ठेवा आणि माणसं त्याच्याभोवती गोलात दोन-तीन मीटरवर बसवा. कोजागिरीसाठी ही सगळ्यात चांगली मांडणी आहे: सगळ्यांना सारखं ऐकू येतं आणि गप्पाही होतात.

आवाज आणि सूर

लहान स्पीकर साधारण ८० टक्क्यांच्या पुढे नेला की आतली यंत्रणा पडदा वाचवण्यासाठी खालचा सूर आपोआप कापते. आवाज मोठा होतो, पण पातळ आणि टोचणारा. ७० ते ७५ टक्क्यांवर थांबा. 'बास बूस्ट' बंदच ठेवा, कारण खालचा सूर ३ डेसिबलने उचलायला तिथे दुप्पट ताकद लागते आणि ती बॅटरीतूनच जाते. गाण्याचे शब्द स्पष्ट हवे असतील तर इक्वलायझरमध्ये (वरचे-खालचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) २ ते ४ किलोहर्ट्झची पट्टी दोन-तीन डेसिबल वर करा. मोकळ्या जागेत याचा उपयोग जास्त होतो.

माणसं तीसेक असतील तर एक स्पीकर ताणण्यापेक्षा एकाच मॉडेलचे दोन कमी आवाजात लावा. जोडताना स्टिरिओ निवडू नका. डाव्या टोकाला बसलेल्याला फक्त डावी बाजू ऐकू येते आणि गाण्यातली अर्धी वाद्यं गायब होतात. दोन्हींतून सारखंच वाजेल असा 'पार्टी मोड' घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे स्पीकर सहसा एकत्र जुळत नाहीत, आणि ओढूनताणून जुळवले तरी एक मागे पडून प्रतिध्वनीसारखा त्रास होतो.

गाणं तुटतंय

घरात नीट चालणारं ब्लूटूथ गच्चीवर अडखळतं, याचंही कारण भिंतींचा अभाव हेच आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि आपल्या शरीरातलं पाणी त्या लहरी शोषून घेतं. खोलीत त्या भिंतींवरून वळसा घालून पोहोचतात, बाहेर तसा वळसा नसतो. फोन पँटच्या मागच्या खिशात आणि तुम्ही स्पीकरकडे तोंड करून उभे, की गाणं तुटलंच. फोन स्पीकरपासून पाच-सहा मीटरच्या आत, वेगळ्या स्टुलावर, मध्ये माणूस येणार नाही असा ठेवा. गाणी आधीच डाउनलोड करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि मग ब्लूटूथ पुन्हा सुरू करा. म्हणजे मध्येच रिंगटोन वाजणार नाही. दुसऱ्या कुणाचा फोन सारखा घुसत असेल तर त्या फोनमधून स्पीकरचं नाव काढून टाकायला सांगा.

कुणी गाणार असेल तर माइक थेट स्पीकरच्या खाचेत लावा. फोनमधून ब्लूटूथने पाठवलेला आवाज कानाला कळेल इतका उशिरा पोहोचतो आणि गाणाऱ्याची लय जाते. गाणाऱ्याने स्पीकरच्या मागे किंवा बाजूला उभं राहावं, माइकची जाळी मुठीत धरू नये. शिट्टी वाजायला लागली तर आधी माइकची दिशा बदला, मग आवाज कमी करा.

रात्री १०

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि गच्ची मोकळी जागाच आहे. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचे १०० मीटर सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेले असू शकतात. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते; त्यात कोजागिरी असेलच असं धरून चालू नका, तुमच्या जिल्ह्याचा आदेश बघा. कोजागिरीचं दूध चंद्र डोक्यावर आल्यावरच प्यायचं असतं, म्हणून कार्यक्रमच तसा आखा: रात्री आठपासून दहापर्यंत रेकॉर्डवरची गाणी, दहाला स्पीकर बंद, पुढे भेंड्या आणि तोंडी गाणी. शेजारच्या आजारी माणसाची किंवा तान्ह्या बाळाची झोप आपल्या आवडत्या गाण्यापेक्षा मोठी आहे.

बॅटरी, दव आणि दूध

खोक्यावर लिहिलेले १२ तास मध्यम आवाजाचे असतात. ७५ टक्क्यांवर त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी धरा, रंगीत दिवे लावले तर आणखी कमी. ऑक्टोबरच्या उन्हात स्पीकर दुपारीच गच्चीवर नेऊन ठेवू नका. तापलेल्या स्लॅबवर लिथियम बॅटरीचं आयुष्य घटतं, आणि गरम असताना चार्ज केली तर जास्तच.

रात्री दव पडतं. त्यासाठी आयपीएक्स४ (खोक्यावर लिहिलेला, पाण्यापासून बचावाचा दर्जा) पुरेसं आहे. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर खोल गोड्या पाण्यात अर्धा तास, तेही खाचेचं रबरी झाकण घट्ट लावलेलं असेल तर. पॉवरबँकची वायर लावून वाजवत असाल तेव्हा हे संरक्षण नाही असंच समजा.

मसाला दूध जाळीवर सांडलं तर लगेच स्पीकर बंद करा. आयपीएक्स७ असेल तर झाकण लावून नळाच्या बारीक धारेखाली धरा, कारण वाळलेली साखर आणि वेलदोड्याची पूड कापडी जाळीत घट्ट बसते आणि आवाज दबतो. त्याहून कमी दर्जाचा असेल तर ओलसर फडक्याने टिपा. घासू नका, घासल्याने साय आत ढकलली जाते. मग जाळी खाली करून रात्रभर वाळू द्या आणि खाच पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चार्जर लावू नका. पुढे महिनोन्महिने वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.