लेझरने चष्मा घालवायचाय? तपासणीआधीच या चुका टाळा

लेझरचा विचार मनात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘माझा नंबर जाईल ना?’ खरं तर आधी विचारायला हवं, ‘माझा कॉर्निया हे सोसेल ना?’

कॉर्निया म्हणजे डोळ्याचा सर्वांत पुढचा, काचेसारखा पारदर्शक थर. लेझर तो कोरून त्याचा आकार बदलतं, आणि कोरलेला भाग पुन्हा भरून येत नाही. म्हणून नुसत्या नंबरावर काही ठरवू नका, जाडी विचारा. सर्वसाधारण कॉर्निया ५४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो. समजा तुमचा ४९० आहे आणि नंबर उणे ८. लॅसिक या लेझर पद्धतीत आधी उचलायच्या कॉर्नियाच्या पापुद्र्याला (फ्लॅप) साधारण ११० जातात, एका नंबरामागे ढोबळमानाने १४ धरले तर आणखी ११२. उरले २६८. खाली किमान २५० तरी राहायलाच हवेत आणि अनेक सर्जन ३००च्या खाली जायला तयार नसतात. त्याच उणे ८ नंबराच्या, पण जाड कॉर्नियाच्या मित्राचं ऑपरेशन छान झालं, याचा तुम्हाला काहीच उपयोग नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली. आदल्या रात्रीपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स वापरून तपासणीला गेले. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. दोन आठवडे चष्म्यावर काढून पुन्हा टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी) केली, तर सिलिंडरचा (तिरक्या नंबराचा) आकडा वेगळाच आला. पहिल्या आकड्यावर लेझर झालं असतं तर? सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे आणि हार्ड लेन्स निदान तीन-चार आठवडे आधी बंद हव्यात.

डोळे चोळायची सवय असेल किंवा घरात कुणाला केराटोकोनस असेल तर ते आपणहून सांगा. या विकारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, आणि अशा डोळ्यावर लॅसिक केलं तर तो आणखी खचतो. सुरुवातीला बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून टोपोग्राफी टाळू नका. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरत असतील तर तेही लपवू नका. फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसा तुटतात आणि कोरडेपणा काही महिने वाढतो. आधी त्यावर उपचार, मग लेझर.

१८ पूर्ण झाली म्हणून घाई नको. गेल्या वर्षभरात नंबर ०.५ हून जास्त बदलला असेल तर थांबा. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असतानाही थांबा.

चाळिशी जवळ आलेल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. उणे २ नंबरवाला चष्मा काढून हातातलं पुस्तक आरामात वाचतो. लेझरनंतर लांबचं स्वच्छ दिसेल, पण ही सोय जाईल आणि वाचायला चष्मा लागेल. एक डोळा लांबसाठी, एक जवळसाठी करून घ्यायचा विचार असेल तर आधी तशा कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस राहून बघा. सगळ्यांना ते जमत नाही.

डॉक्टर ‘नको’ म्हणाले तर ‘हो’ म्हणणारा दुसरा डॉक्टर शोधत फिरू नका, कारण विचारा. कॉर्निया पातळ असेल तर डोळ्यात बसवायची आयसीएल लेन्स किंवा फ्लॅप न उचलता होणारं पीआरके हे लेझर काहींना चालतं. पीआरकेनंतरचे पहिले तीन-चार दिवस मात्र डोळा चांगलाच दुखतो.

आणि ऑपरेशनआधीचे सगळे रिपोर्ट जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना मूळ कॉर्नियाची मापं फार उपयोगी पडतात.