हिडकलच्या पाण्यावर फॉइल शिकताना

पहिले ११ रविवार मी नुसता आपटत होतो. पहाटे बेळगावहून हिडकल धरणाकडं निघायचं, जुना घेतलेला इलेक्ट्रिक फॉइल टेम्पोतून उतरवायचा (बॅटरीसकट तीसेक किलो, एकट्यानं उचलू नका, माझी कंबर अजून कुरकुरते) आणि तासाभरात कानात पाणी घेऊन काठावर बसायचं.

फॉइल म्हणजे उभं राहायचा बोर्ड, त्याखाली पाण्यात जाणारा दांडा म्हणजे मास्ट, मास्टच्या तळाशी पुढचा आणि मागचा पंख. बॅटरीवर प्रोपेलर फिरतो, वेग हातातल्या रिमोटच्या ट्रिगरनं. आधी पोटावर, मग गुडघ्यांवर, मग उभं राहायचं, हे जमतं. त्यात फार काही नाही.

खरी मेख त्यापुढे. बोर्ड ताशी १५ किलोमीटरच्या आसपास आला की पंख त्याला उचलायला लागतो. नाक वर येतं. माणूस घाबरतो आणि मागे रेलतो. घाबरलेला माणूस मागेच रेलणार की! पण मागे रेलणं म्हणजे पंखाचं तोंड आणखी वर करणं. त्यातच मूठ आवळली जाते, रिमोटचा ट्रिगर दाबला जातो, वेग वाढतो. आणि वेग दुप्पट झाला तर उचल चौपट होते, दुप्पट नाही. म्हणजे वर जायच्या भीतीनं तुम्ही ज्या दोन गोष्टी करता, त्या दोन्ही तुम्हाला वरच नेतात. पंख पाण्याबाहेर डोकावतो, त्यावर हवा शिरते, उचल एका झटक्यात संपते. मग धाडकन खाली. मी हे इतक्या वेळा केलंय की झोपेतही पाय ताठ व्हायचे.

गोव्यात पैसे भरून दोन दिवस शिकलो, तिथं नुसतं ‘रिलॅक्स, रिलॅक्स’ ऐकायला मिळालं. घाबरलेल्याला ‘रिलॅक्स’ म्हणणारा गुरू काय कामाचा? शेवटी काठावर जाळं निवडत बसलेले एक मामा कंटाळून ओरडले, ‘मुंद बग्ग्री!’ पुढं वाका हो. आयुष्यात फॉइलवर न चढलेल्या माणसानं नेमकी चूक पकडली. फक्त कंबरेतून वाकायचं नाही. गुडघे सैल, नजर समोरच्या काठावर, वजन पुढच्या पायावर. बोर्ड उठायला लागला की ट्रिगर थोडा सोडायचा, पुढचा पाय दाबायचा. सुरुवातीला हातभर उंची पुरे. बाराव्या रविवारी मी पन्नासेक मीटर तरंगत गेलो, मामांनी मानही वर केली नाही.

छोटा, चपळ पंख घेऊन लवकर शिकू, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पंख मोठा घ्या, मास्ट ६०-७५ सेंटिमीटरचा. आणि समुद्र नाही म्हणून हळहळू नका. इटलीच्या फोर्लानिनीनं १९०६ साली पंखांवर बोट उठवली ती माज्जोरे तळ्यावरच. सकाळचं सपाट पाणी शिकणाऱ्याला सोन्यासारखं.

पडायला मात्र शिका. ट्रिगर सोडा आणि बोर्डापासून लांब, बाजूला उडी घ्या, पंखाची धार मांडी चिरते. हेल्मेट आणि जॅकेट घातल्याशिवाय उतरायचं नाही. पोहता येत नसेल तर सध्या राहू द्या, आधी ते शिका. पाटबंधारे खात्याची परवानगी लेखी घ्या. राकसकोपला तर जाऊच नका, ते बेळगावचं पिण्याचं पाणी आहे. दांडेलीकडं काळी नदीत मगरी आहेत, तिथं कुणी बोलावलं तरी मी जाणार नाही. कोळ्यांना विचारून त्यांच्या जाळ्यांपासून दूर राहा, जाळं प्रोपेलरमध्ये गुंतलं तर तुमचं आणि त्यांचं, दोघांचंही नुकसान.

पाणी उतरायला लागलं की बुडालेले खुंट, बांध पाण्याच्या वरच्या थराजवळ येतात, पण वरून दिसत नाहीत आणि मास्ट त्यांवर आदळतो. माझा एक पंख असाच गेला. आता या धरणात बुडालेल्या हुन्नूरच्या विठ्ठल मंदिराचा कळस पाण्याबाहेर दिसला की फॉइल माळ्यावर जातो, पाऊस पडून धरण भरेपर्यंत.