कारखान्यात कामगार घसरून पडल्यास काय करावे आणि चौकशी कशी करावी

मशीन शॉपमध्ये कामगार घसरून पडला, तर त्याला घाईने हात धरून उठवू नये. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल, तर जवळचे यंत्र बंद करून त्याला आहे त्याच स्थितीत ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागला असेल, तर कामगार कितीही ‘काही झालं नाही’ म्हणाला तरी त्याला डॉक्टरांना दाखवावे.

त्यानंतर जागा दोरीने अडवावी आणि फरशी पुसण्यापूर्वी सांडलेल्या द्रवाचे, बुटांच्या तळव्यांचे व उजेडाचे फोटो काढावेत.

सीएनसी यंत्राच्या (संगणकाच्या आज्ञेनुसार धातू कापणाऱ्या यंत्राच्या) कुलंटमध्ये, म्हणजे कापताना थंडावा देणाऱ्या द्रवात, साधारणपणे ५ ते १० टक्के तेलाचा अंश आणि बाकी पाणी असते. पाणी उडून गेल्यावर फरशीवर तेलाचा पातळ थर उरतो, आणि तो वरवर कोरडा दिसत असल्यामुळे उघड ओल्या फरशीपेक्षाही फसवा असतो. एकाच बादलीत पिळलेला पोचा हे तेल काढत नाही, पसरवतो. त्यासाठी तेल काढणारे द्रावण, दुसऱ्या बादलीत स्वच्छ पाणी आणि शेवटी कोरडे पुसणे, एवढे तरी हवेच. भुसा टाकायचा असेल, तर तो लगेच झाडून उचलावा. मात्र खरा प्रश्न कुलंट बाहेर आले कोठून हा आहे: दरवाज्याचे सील झिजले आहे, पाइप गळतो आहे की चिप्सची (धातूच्या कातरणांची) ट्रॉली ठिबकते आहे, हे पाहिल्याशिवाय चौकशी संपवू नये.

अपघाताच्या नोंदीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ एवढेच लिहिण्याची आपल्याकडे फार सवय आहे. वास्तविक फरशी, पायऱ्या व मार्ग घसरण होईल अशा पदार्थांपासून मुक्त ठेवावेत, ही अपेक्षा १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३२ मध्येच आलेली होती. म्हणून नोंदीत वेळ, पाळी, यंत्र क्रमांक, शेवटची सफाई आणि साक्षीदार लिहावेत.

कामगार राज्य विमा योजनेत असेल, तर मालकाने अपघाताचा अहवाल ताबडतोब पाठवावा. अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस काम बंद राहिल्यास त्याला सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो, आणि त्यासाठी ठरावीक काळ वर्गणी भरलेली असण्याची अट नाही. किरकोळ वाटणाऱ्या पडण्याचीही नोंद त्याच दिवशी करावी, कारण हातावर पडल्याने मनगटातील लहान हाडाला गेलेला तडा कधीकधी पहिल्या एक्स-रेमध्ये दिसत नाही.