नदीकाठच्या लहान शहरात पब निवडताना

नदीकाठच्या लहान शहरात निवांत बसण्यासाठी बार किंवा पब शोधणाऱ्याची पावले आपोआप पाण्याच्या दिशेने वळतात आणि नेमकी तिथेच निवड सर्वांत अवघड असते. काठावरच्या जागेला गिऱ्हाईक नदी मिळवून देते. त्यामुळे आतली बिअर ताजी आहे की नाही, स्वयंपाकघर नेटके चालते की नाही, यावर त्या दिवसाचा गल्ला फारसा अवलंबून राहत नाही. काठावरचे सगळेच पब सुमार असतात असे मुळीच नाही. परंतु देखावा आणि दर्जा वेगवेगळे तपासावे लागतात, आणि दर्जा तपासण्याची सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे खप. ज्या ठिकाणी माल लवकर संपतो, तिथे तो ताजा असतो. मोठ्या शहरात गर्दी बारमाही असल्याने ही गोष्ट फारशी जाणवत नाही. लहान गावात मात्र शनिवार-रविवारी खुर्ची मिळत नाही आणि मंगळवारी दुपारी चारच माणसे बसलेली असतात, म्हणून तिथे खपाचा अंदाज घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.

सुरुवात काउंटरवरच्या बिअरच्या नळांपासून करावी. नळ जितके जास्त तितका पब चांगला, अशी अनेकांची समजूत असते. लहान गावात बहुधा याच्या उलट असते. पारंपरिक पद्धतीच्या, पिंपातच पिकणाऱ्या एल या बिअरच्या प्रकाराचे उदाहरण घेऊ. तिचे नेहमीचे पिंप ९ गॅलनचे, म्हणजे सुमारे ४१ लिटरचे असते आणि त्यातून जास्तीत जास्त ७२ ब्रिटिश पाइंट, म्हणजे तेवढेच मोठे ग्लास निघतात. पिंप उघडल्यावर आत हवा शिरते, त्यामुळे ही बिअर साधारण तीन दिवसांत संपवावी लागते. याचा हिशेब असा की एका पिंपासाठी रोज किमान २४ ग्लास विकले गेले पाहिजेत, आणि अशी पाच पिंपे एकाच वेळी उघडी असतील तर रोज १२० ग्लास. पावसाळी मंगळवारी एवढे पिणारे त्या गावात आहेत का, हा प्रश्न आपणच स्वतःला विचारावा. कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली राहणाऱ्या केगमधल्या, म्हणजे धातूच्या बंद पिंपातल्या, लागर या दुसऱ्या प्रकारच्या बिअरला ही घाई नसते. ती कित्येक आठवडे पिण्याजोगी राहते. म्हणून रिकाम्या दिवशी लागर किंवा बाटली घ्यावी आणि पिंपातली एल गर्दीच्या दिवसासाठी राखून ठेवावी, हा सोपा नियम बहुतेक वेळा उपयोगी पडतो. पिंपातली एल थंडगार मिळाली नाही म्हणून तक्रार करू नये; तिचे योग्य तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस असते, तर लागर ३ ते ५ अंशांच्या आसपास दिली जाते.

बिअर ताजी असूनही ती ज्या नळीतून येते ती नळी अस्वच्छ असेल तर चव बिघडते. नळ्यांच्या आत यीस्ट, जिवाणू आणि क्षारांचा थर साचत जातो. ब्रिटनमधल्या पबव्यवसायात या नळ्या दर सात दिवसांनी धुण्याचा प्रघात आहे, तर अमेरिकेत दर चौदा दिवसांनी धुवाव्यात अशी शिफारस केली जाते. प्रत्येक धुण्यात नळीत भरलेली बिअर फेकून द्यावी लागते, त्यामुळे ज्याच्याकडे नळ अनेक आणि गिऱ्हाईक थोडे, त्याला हे काम पुढे ढकलण्याचा मोह होतो. गिऱ्हाइकाला नळीत डोकावता येत नाही, पण ग्लास पाहता येतो. स्वच्छ ग्लासात फेस टिकतो आणि प्रत्येक घोटानंतर त्याची एकेक कडी आतल्या बाजूला चिकटून राहते. ग्लासला तेलकटपणा असेल तर फेस झटकन बसतो आणि बुडबुडे काचेच्या आतल्या बाजूला जागोजागी चिकटलेले दिसतात. जिथे ग्लास नीट धुतले जात नाहीत तिथे नळ्या नियमाने धुतल्या जात असतील, यावर विश्वास ठेवणे अवघड आहे.

पहिला घोट घेण्यापूर्वी वास घ्यावा. आंबट, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर बिअर जिवाणूंनी बिघडवलेली आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल तर ती जुनी होऊन तिच्यावर प्राणवायूचा परिणाम झाला आहे. वितळलेल्या लोण्याचा वास येत असेल तर दोष एकतर बिअर बनवतानाचा आहे किंवा अस्वच्छ नळीचा. ग्लास परत करायचा तर पहिल्या-दुसऱ्या घोटालाच, शांत शब्दांत परत करावा. अर्धा ग्लास रिकामा करून मग तक्रार केली तर समोरच्याला ती खरी वाटत नाही, आणि त्याचे त्यात फारसे चुकत नाही. त्याहून बरे म्हणजे पूर्ण ग्लास मागवण्याआधी घोटभर चव मागावी. नळावरची बिअर विकणारे बहुतेक पब ती आनंदाने देतात. जिथे या मागणीने कपाळाला आठ्या पडतात, तिथे सरळ बाटली मागवावी.

बाटली मागवल्यावर एक गोष्ट नदीकाठी विशेष जपावी लागते, ती म्हणजे ऊन. बिअरला कडवटपणा देणारी, हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमधली द्रव्ये प्रकाशामुळे विघटित होतात आणि त्यातून एक गंधकयुक्त संयुग तयार होते, ज्याचा उग्र, कुबट वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते; हिरवी फारच थोडा अडवते आणि पारदर्शक काच जवळपास नाहीच. कडक उन्हात पारदर्शक बाटली किंवा ग्लास ठेवला तर काही मिनिटांतच फरक जाणवू लागतो. म्हणून गच्चीवर बसायचे असेल तर छत्रीखालचे टेबल धरावे, आणि ते मिळाले नाही तर ग्लास मेन्यूकार्डाच्या सावलीत ठेवावा. दिसायला हे विचित्र वाटते, पण उपाय खरोखर लागू पडतो.

टेबल निवडताना दिशेचाही विचार करावा. नदी उत्तर-दक्षिण वाहत असेल तर पूर्वेच्या काठावर बसणाऱ्याला सूर्यास्त पाण्यापलीकडे दिसतो; मात्र त्याच काठावर दुपारी चारनंतर ऊन थेट डोळ्यांवर येते आणि पाण्यावरून परावर्तित होऊन दुसऱ्यांदा येते. सूर्य मावळल्यावर पाण्याजवळची हवा आतल्या गल्लीपेक्षा लवकर गार आणि दमट होते, डासही त्याच वेळी निघतात. बरोबर एखादे जाड वस्त्र असावे, आणि आत सरकण्यासाठी एखादे टेबल मिळेल का हे आधीच विचारून ठेवावे. संध्याकाळी पाण्यालगत थंड हवेचा थर तयार झाला की आवाज वर विरून न जाता खाली वळतो आणि पलीकडच्या काठापर्यंत स्पष्ट पोचतो. त्यामुळे नदीकाठच्या अनेक जागांना बाहेरचे संगीत लवकर बंद करावे लागते. बाहेरच्या टेबलावर मोठ्याने बोलताना पलीकडे कोणाच्या तरी झोपण्याच्या खोलीची खिडकी आहे याचे भान ठेवावे.

जेवणाच्या बाबतीतही कसोटी खपाचीच. पबचे स्वयंपाकघर लहान असते, त्यात एक-दोन माणसे राबतात आणि बहुतेक पदार्थ तळणीतून किंवा भट्टीतून निघतात. अशा स्वयंपाकघरातून चाळीस पदार्थांचे मेन्यूकार्ड बाहेर येत असेल तर त्यातले बरेचसे फ्रीझरमध्ये वाट पाहत पडलेले असतात. आठ-दहा पदार्थांचा, खडूने फळ्यावर लिहिलेला आणि त्यातला एखादा खोडलेला मेन्यू अधिक भरवशाचा, कारण संपलेला पदार्थ म्हणजे विकला गेलेला पदार्थ. मासे मागवण्यापूर्वी ते कुठून आले हे अवश्य विचारावे. समोर नदी वाहते म्हणून ताटातला मासा तिच्यातलाच असेल असे गृहीत धरण्यात अर्थ नाही. पुष्कळदा तो गोठवलेल्या अवस्थेत दूरवरच्या समुद्रातून आलेला असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याचे पैसे नदीच्या नावाने मोजू नयेत. तेलाची परीक्षा नाकाने होते. तळणीचे तेल साधारण १७० ते १९० अंशांवर असेल तर पदार्थाला पटकन कवच धरते आणि आत तेल फारसे शिरत नाही. तेल जुने झाले असेल तर ते कमी तापमानालाच धुरकटू लागते आणि तो खवट वास दारापर्यंत येतो. दारातच असा वास आला तर तळलेले पदार्थ टाळावेत.

स्वयंपाकघर बारपेक्षा लवकर बंद होते, ही लहान गावातली हमखास फसगत. बार रात्री उशिरापर्यंत उघडा दिसतो म्हणून नऊ वाजता निवांत जेवायला जावे, तर चुली विझलेल्या असतात आणि गावात दुसरीकडेही तीच परिस्थिती असते. म्हणून बसल्याबरोबर पहिला प्रश्न जेवणाची शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात हा असावा. आठवड्याच्या सुरुवातीचे एक-दोन दिवस अनेक ठिकाणे पूर्ण बंद ठेवतात. हंगाम सरल्यावर तर फोन करून खात्री केल्याशिवाय निघूच नये.

काठावरचे ठिकाण पारखून झाले की एक-दोन गल्ल्या मागे फिरून यावे. तिथल्या पबला नदी मदत करत नाही, म्हणून तो तगला आहे तो गावकऱ्यांच्या जोरावर. वर्षभर रोज तीच माणसे येत असतील तर खराब माल खपवणे मालकाला परवडत नाही, कारण गावात बातमी सकाळपर्यंत सर्वांकडे पोचते. माझा स्वतःचा कल असा आहे की पहिला ग्लास काठावर घ्यावा आणि जेवायला मागच्या गल्लीत जावे; दोन्ही गोष्टी एकाच छताखाली उत्तम मिळाल्याच, तर तो योग समजावा. अशा ठिकाणी शिरताना थोडा अदब लागतो. काउंटरच्या टोकाची खुर्ची बहुधा कोणाची तरी ठरलेली असते, ती विचारल्याशिवाय घेऊ नये. ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची की टेबलावर कोणी येणार, पैसे लगेच द्यायचे की शेवटी, हे आजूबाजूला दोन मिनिटे पाहिले तरी कळते आणि न कळल्यास विचारण्यात कमीपणा नाही. जो मद्य घेत नाही त्याच्यासाठी काय ठेवले आहे, तेही पाहावे. तिथे एका गोड शीतपेयापलीकडे काही नसेल तर मालकाचे लक्ष कुठवर पोचते याचा अंदाज येतो.

नदीच्या लहरीचा विचार निघण्यापूर्वीच करावा लागतो. वरच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचे पाणी गावात काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी पोचते, त्यामुळे डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही काठावरचा पब बंद असू शकतो. भरती-ओहोटी पोचणाऱ्या नदीवर साधारण दर १२ तास २५ मिनिटांनी पाणी चढते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला ते नेहमीपेक्षा जास्त चढते. अशा वेळी काठालगतच्या सखल जागेत गाडी लावून जेवायला बसणे धोक्याचे ठरते. जुन्या पबच्या भिंतीवर पूर आला त्या त्या वर्षांच्या रेघा आखलेल्या असतील, विजेची बटणे छातीच्या उंचीवर असतील आणि जमीन गालिच्याऐवजी फरशीची असेल, तर त्या मालकाला नदी ओळखीची आहे. गाडी कुठे लावावी हे अशाच माणसाला विचारावे.

परतीची सोय पहिल्या ग्लासाआधी करावी. लहान गावात रात्री टॅक्सी मोजक्याच असतात आणि सगळ्यांना त्या एकाच वेळी हव्या असतात. पाच टक्के मद्यार्काची अर्धा लिटर बिअर म्हणजे सुमारे २० ग्रॅम मद्यार्क. शरीर सरासरीने तासाला ८ ग्रॅमच्या आसपास मद्यार्क निकामी करते, त्यामुळे असे दोन ग्लास पूर्ण उतरायला पाच तास लागतात. कॉफी, थंड पाणी किंवा चालणे यांनी हा वेग वाढत नाही. पोटभर जेवणाने चढण्याचा वेग कमी होतो, उतरण्याचा हिशेब तोच राहतो. गाडी चालवणाऱ्याने म्हणूनच मद्य घेऊ नये. होडीलाही हाच नियम लावावा, आणि रात्री नदीत उतरण्याची कल्पना टेबलावर कोणी काढलीच तर ती तिथेच मोडून काढावी: मद्यामुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला ऊब वाटते आणि प्रत्यक्षात शरीर उष्णता वेगाने गमावत असते. पायी परतताना घाटाच्या खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्या आणि कठडा नसलेला काठ सोडून आतला, दिवे असलेला रस्ता धरावा, आणि सोबतचा कोणी मागे राहिला तर थांबून त्याला बरोबर घेऊनच पुढे निघावे.