क्रेडिट कार्ड घेतलंय? मग या चुका टाळा

सोलापुरात नवी पेठेत माझं हिशेब लिहिण्याचं आणि इन्कम टॅक्स रिटर्न भरण्याचं छोटं ऑफिस आहे. जून-जुलैत टेबलावर पासबुकं, फॉर्म १६, विम्याच्या पावत्या यांचा ढीग लागतो. गेली काही वर्षं त्यात क्रेडिट कार्डाची बिलंही येतात. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात. मी दरवर्षी तेच समजावतो आणि दरवर्षी कुणाचे तरी कष्टाचे पैसे व्याजात गेलेले बघतो, म्हणून आता लिहूनच काढतोय.

‘मी तर दर महिन्याला भरतोय की’

सगळ्यात मोठी चूक ही. गेल्या वर्षी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातला एक सुपरवायझर रिटर्न भरायला आला. पोरगा सरळ, निर्व्यसनी. बहिणीच्या लग्नात आहेराचे कपडे आणि थोडं सामान कार्डावर घेतलं होतं. बिल साठ हजारांच्या आसपास होतं आणि आठ महिने झाले तरी ते हलत नव्हतं.

“काका, ऑटो-पे लावलंय की, पैसे खात्यातून आपोआप जातात. एक महिना चुकला नाही.”

बिल दाखव म्हटलं, तर त्यानं ते कधी उघडलंच नव्हतं. पीडीएफला पासवर्ड लागतो, तो काय असतो हे त्याला माहीत नव्हतं. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख टाकली आणि बिल उघडलं. पहिल्याच पानावर दोन आकडे होते. एक ‘टोटल अमाउंट ड्यू’, म्हणजे पूर्ण बिल, दुसरा ‘मिनिमम अमाउंट ड्यू’, म्हणजे त्या महिन्यात कमीत कमी भरायची रक्कम. त्याचं ऑटो-पे दुसऱ्या आकड्यावर लावलेलं होतं. कार्ड सुरू करताना ॲपनं विचारलं असणार आणि यानं घाईत जे दिसलं ते दाबलं.

मी पाठकोरा कागद घेतला आणि त्याच्यासमोर हिशेब मांडला. बिल ६०,०००. किमान रक्कम ५ टक्के धरली तर ३,०००. उरले ५७,०००. त्यावर महिना साडेतीन टक्के व्याज, म्हणजे १,९९५. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ३५९. दोन्ही मिळून २,३५४. म्हणजे खिशातून गेले ३,००० आणि कर्ज उतरलं ६४६. हा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या दिवसापासून रोजच्या रोज लागतं, त्यामुळे अजून थोडं जास्तच जातं.

तो बराच वेळ त्या ६४६ कडे बघत बसला.

आपल्याकडे कुणी सावकार शेकडा साडेतीन लावतो म्हटलं, तर अख्ख्या पेठेत बोभाटा होतो. इथे तोच दर छापील कागदावर असतो आणि आपण वाचत नाही. साडेतीन गुणिले बारा, वर्षाला ४२ टक्के. जीएसटी धरला की पन्नासला टेकतं. सगळ्या कार्डांचा दर एकच नसतो, पण बहुतेकांचा महिना तीन ते पावणेचार टक्क्यांच्या घरात असतो.

दुसरा फटका याहून लपलेला आहे. पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला बिनव्याजी मुदत मिळते. समजा बिल ५ तारखेला निघतं आणि भरायची शेवटची तारीख २५ आहे. ६ जुलैला केलेली खरेदी ५ ऑगस्टच्या बिलात येते आणि २५ ऑगस्टला भरायची असते, म्हणजे पन्नास दिवस मिळाले. ४ जुलैची खरेदी मात्र दुसऱ्याच दिवशीच्या बिलात येते, तिला एकवीसच दिवस. मागची बाकी ठेवली की ही मुदत नव्या खरेदीवरही जाते. या पोरानं त्या आठ महिन्यांत पेट्रोल, किराणा, मोबाइलचा रिचार्ज सगळं कार्डावरच केलं होतं. त्या प्रत्येक गोष्टीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागत होतं. म्हणून बिल हलत नव्हतं.

आणि घरात पतसंस्थेची ८०,००० ची ठेव पडून होती, आठ टक्क्यांनी. आठ टक्के मिळवायचे आणि बेचाळीस द्यायचे! ठेव मोडायला आई तयार नव्हती. “मोडायची नाही, ती अडीअडचणीला आहे,” म्हणाली. मी फोनवर तिला म्हटलं, “वहिनी, अडचण आलेलीच आहे, फक्त ती कागदात लपलीय.” मुदतीआधी मोडल्यामुळे थोडं व्याज कापलं गेलं, पण त्याच आठवड्यात कार्डाची सगळी बाकी भरली.

ठेव नसेल तर सोनं तारण कर्ज घ्या, किंवा कार्डाच्या बँकेला फोन करून थकलेल्या रकमेचे हप्ते पाडून मागा. दोन्हीचा दर या बेचाळीसपेक्षा पुष्कळ कमी असतो. बाकी फिटेपर्यंत कार्ड कपाटात ठेवायचं, त्यावर काडीपेटीसुद्धा घ्यायची नाही.

माझी स्वतःची सवय सांगतो. ऑटो-पे ‘टोटल’वर, आणि तरीही शेवटच्या तारखेच्या पाच दिवस आधी मी हातानं भरतो. बिलाची तारीख आणि भरायची तारीख कालनिर्णयवर लाल पेनानं लिहिलेली असते. बिल आलं की एकेक ओळ वाचतो. दहा मिनिटं लागतात. ज्याला महिन्याला दहा मिनिटं नाहीत, त्यानं कार्ड घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

‘लाइफटाइम फ्री’ म्हणाला होता

ही चूक माझ्या घरातली आहे, म्हणून जास्त लागते. धाकट्या भावानं एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर कार्ड घेतलं. कार्ड कायम मोफत आहे असं एजंटनं तोंडी सांगितलं आणि वर एक ट्रॅव्हल बॅग दिली. भावानं कार्ड सुरू केलं, दोनदा वापरलं आणि ठेवून दिलं. मोफत होतं ते फक्त पहिलं वर्ष. दुसऱ्या वर्षी वार्षिक फी ५०० आणि जीएसटी ९०, असे ५९० रुपये बिलात आले. मधल्या काळात त्याचा मोबाइल नंबर बदलला होता, बँकेला कळवलेला नव्हता. मेसेज जुन्या नंबरवर जात राहिले. फी भरली नाही म्हणून लेट फी, तिच्यावर जीएसटी, मग पुन्हा लेट फी.

हे कळलं कधी? जुळे सोलापुरात फ्लॅट बघितला, इसार दिला, गृहकर्जाचा अर्ज केला तेव्हा. बँकेच्या माणसानं सिबिल रिपोर्ट पुढे ठेवला, म्हणजे आपण कर्ज आणि कार्डाचे पैसे कसे फेडतो याची नोंद आणि त्यावरून दिलेला स्कोअर. त्यात या कार्डासमोर महिन्यामागून महिना थकबाकी लिहिलेली होती. ज्यानं आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही, त्याचं कर्ज ५९० रुपयांवरून अडलं. पैसे त्याच दिवशी भरले, पण रिपोर्टमधला इतिहास पैसे भरून पुसला जात नाही. कर्ज पुढे मिळालं, उशिरा आणि चढ्या दरानं. त्या चार महिन्यांत भावाची झोप उडालेली मी बघितली आहे.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, एजंटचं तोंडी बोलणं म्हणजे काहीच नाही. कार्डाचं नाव घ्या, त्याच बँकेच्या वेबसाइटवर जा आणि फीचा तक्ता स्वतः वाचा. जॉइनिंग फी, वार्षिक फी, किती खर्च केला की ती माफ होते, व्याजदर, लेट फी, परदेशी चलनावरचा आकार, सगळं तिथे असतं. बॅग, बाटली, घड्याळ बघून सही करणाऱ्यांचा मला राग येतो. दोनशेच्या वस्तूसाठी पॅन आणि आधार कार्डाच्या प्रती अनोळखी माणसाच्या हातात देतात!

नको असलेलं कार्ड नुसतं कात्रीनं कापून बंद होत नाही. बाकी शून्य करा, मग बँकेला लेखी किंवा ईमेलनं बंद करायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. त्यापुढे उशीर झाला तर बँकेनं ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. बंद झाल्याचं उत्तर जपून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी सिबिल रिपोर्टमध्ये बघा. वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

बाकीच्या चुका, थोडक्यात

एटीएममधून क्रेडिट कार्डानं रोख काढू नका. बिनव्याजी मुदत रोखीला नसतेच, व्याज त्याच दिवसापासून. वर काढण्याचा आकार वेगळा, बहुतेक ठिकाणी अडीच टक्के किंवा कमीत कमी पाचशेच्या आसपास. पाच हजार काढायला जीएसटीसकट ५९० गेले, तर हाती काय राहिलं?

दुकानात कार्ड घासून, दोन-तीन टक्के कापून रोख देणारे लोक आहेत. एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डातून फिरवणारे त्यांच्याकडेच जातात. हा कार्डाचा गैरवापर आहे, बँकेच्या लक्षात आलं तर कार्ड बंद होतं. मी अशा माणसाचं रिटर्न भरायलासुद्धा नाही म्हणतो.

‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे अगदी शून्य खर्च नव्हे. व्याजाएवढी सूट दुकानदार किंवा कंपनी देते, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच बिलात येते. वस्तू रोखीनं कितीला मिळते हे आधी विचारा.

एका महिन्यात पाच बँकांकडे अर्ज करू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि नवख्याचा स्कोअर त्यानंच खाली येतो. लिमिट एक लाख असेल तर तीस हजारांच्या आत राहायची सवय ठेवा. मित्राला, मेव्हण्याला कार्ड देऊ नका, नातं आणि स्कोअर दोन्ही जातात.

२०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. सोय चांगली आहे, पण चहा, पान, रिक्षा सगळं स्कॅन करून भरलं की महिनाअखेरीला चाळीस ओळींचं बिल येतं आणि एकही ओळ आठवत नाही. मी ते फक्त किराणा आणि औषधांसाठी वापरतो.

‘लिमिट वाढवून देतो’, ‘पॉइंट संपणार आहेत’ असा फोन आला की ठेवून द्या. ओटीपी सांगू नका, व्हॉट्सॲपवर आलेली ॲपची फाइल उघडू नका. फसलातच तर लाजून गप्प बसू नका. आधी कार्ड ब्लॉक करा, मग लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. उशिरानं पैसे परत मिळणं अवघड होतं, आणि बँकेला किती लवकर कळवलं यावर तुमची जबाबदारी किती धरायची हे ठरतं.

पहिलं कार्ड कुठून घ्यायचं

पगार ज्या बँकेत जमा होतो तिथेच आधी विचारा. तुमची आवक त्यांना दिसत असते, कागद कमी लागतात. फॉर्म १६ किंवा तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, पॅन, आधार एवढ्यावर काम होतं.

अडचण असते ती आपल्या यंत्रमागवाल्यांची, छोट्या दुकानदारांची, घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांची. कमाई आहे पण कागद नाही. त्यांनी ठेवीवरचं कार्ड घ्यावं. बँकेत पंधरा-वीस हजारांची मुदत ठेव करायची, तिच्या ७५ ते ९० टक्क्यांपर्यंत लिमिटचं कार्ड मिळतं आणि ठेवीचं व्याज चालू राहतं. इथे सोलापुरात एक गैरसमज हमखास होतो. ठेव त्याच बँकेत लागते जी कार्ड देते. पतसंस्थेतली ठेव दाखवून दुसऱ्या बँकेचं कार्ड मिळत नाही. अशोक चौकातल्या एका बाई ती पावती घेऊन तीन शाखा फिरून आल्या होत्या, उन्हात.

त्यांनी शेवटी वीस हजारांची ठेव केली. कार्डावर फक्त विजेचं बिल भरतात आणि बिल निघालं की दुसऱ्या दिवशी पूर्ण रक्कम जमा करतात. दीड वर्षानं शिलाई मशीनच्या कर्जासाठी बँकेत गेल्या, तेव्हा त्यांच्या नावापुढे चांगला स्कोअर होता. ७६२. तो आकडा कागदावर लिहून मला दाखवायला आल्या होत्या.