टॅरो डेक निवडताना आधी छोटी कार्डं बघा

फोंड्याला माझ्याकडे टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य वाचायला, शिकायला येणारी बहुतेक मंडळी खोक्यावरचं चित्र बघून डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, पसंत करतात. तिथे हमखास एखादा देखणा चंद्र नाहीतर सम्राज्ञी असते. पण एका डेकमध्ये 78 कार्डं असतात, आणि त्यांत अशी थाटाची, म्हणजे मेजर आर्कानाची, फक्त 22. उरलेली 56 मायनरची, म्हणजे छोटी. वाचनात हाती जास्त तीच येतात, तेव्हा चित्रकाराची परीक्षा तिथे घ्यावी.

मी आधी मायनरमधलं सिक्स ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे तलवारींची छक्की, काढायला सांगते. 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट-स्मिथ डेकसाठी पामेला कोलमन स्मिथ यांनी या कार्डावर होडी काढली. नावाडी पाठमोरा, पुढे डोकं झाकून बसलेली बाई, तिच्या शेजारी मूल, होडीत उभ्या सहा तलवारी. नीट बघा, उजवीकडचं पाणी लाटांचं आहे आणि डावीकडचं नितळ. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत बोचकी घेऊन गप्प बसलेलं कुटुंब ज्यानं पाहिलंय, त्याला या कार्डाचा अर्थ पाठ करावा लागत नाही. मला चित्राकडून एवढंच हवं असतं.

आता हेच कार्ड दुसऱ्या डेकमध्ये शोधा. मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीत या कार्डावर माणसंच नाहीत, वाकलेल्या तलवारी आणि मधोमध फूल. थॉथ डेकमध्ये फ्रीडा हॅरिस यांनी भूमितीच्या रेषा खेळवल्यात आणि खाली ‘सायन्स’ असं छापलंय. आकडे आणि आकृत्यांत रमणाऱ्याला हे डेक आवडतील. गोष्ट बघून वाचणाऱ्यानं माणसं असलेलाच डेक घ्यावा.

मग थ्री ऑफ स्वोर्ड्स आणि फाइव्ह ऑफ कप्स. दुःखाची कार्डंसुद्धा गोडगोड रंगवलेली असतील तर तो डेक ठेवून द्या. रडवेल्या माणसासमोर तो मुका राहतो. समोर कोण बसणार तेही बघा. रायडर-वेट-स्मिथच्या लव्हर्स या कार्डात स्त्री-पुरुष विवस्त्र आहेत. मावशी-काकूंसाठी वाचणार असाल तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

सावंतवाडीची गोल गंजिफा, म्हणजे रंगवलेले पत्ते, पाहिलेल्यांना गोल टॅरोचीही ओढ वाटते. सुंदर दिसतो, पण गोल कार्ड कसंही कलतं, सुलटं की उलटं ते ठरवता येत नाही. उलट्या पडलेल्या कार्डाचा वेगळा अर्थ लावणाऱ्यांनी आयताकृतीच घ्यावा.

कागदाकडे दुर्लक्ष नको. आपल्याकडे जूनपासून हवेतच पाणी असतं. पातळ कार्डं वाकतात, चकचकीत लॅमिनेशनची एकमेकांना चिकटतात. मॅट आणि जाडसर बघा, मात्र इतकं जाड नको की पिसताना मूठ भरेल. नेहमीचं कार्ड साधारण 7 बाय 12 सेंटिमीटर असतं. हात लहान असेल तर छोटी आवृत्ती घ्या.

पहिला डेक कुणीतरी भेटच द्यावा लागतो, हा समज सोडून द्या. पैसे देण्याआधी सगळी 78 चित्रं इंटरनेटवर बघून घ्या आणि विकत घेताना त्यांच्याशी ताडून पाहा. फारच स्वस्त मिळणाऱ्या नकलांमध्ये चित्राच्या कडा कापलेल्या असतात, रंग विटलेले असतात आणि पुस्तिकेऐवजी क्यूआर कोड असतो. अशा नकलेत त्या होडीजवळच्या लाटाही धड दिसणार नाहीत.