ड्रॅग रेससाठी फोर्ड फ्लॅटहेड बांधताय? या चुका टाळा

१९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडणाऱ्या मोटारीत व्ही-८ इंजिन बसवलं. हेच ते फ्लॅटहेड. २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर. १९५० मध्ये कॅलिफोर्नियात सांता आना विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून ड्रॅग रेस, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यती, सुरू झाल्या, तेव्हा तिथे पळणाऱ्या रोडस्टरांमध्ये (उघड्या टपाच्या गाड्यांमध्ये) हेच इंजिन सर्रास असायचं. १९५५ ला शेव्हरोलेचं (शेव्हीचं) २६५ क्युबिक इंची ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन आलं आणि फ्लॅटहेडची सद्दी संपली. तरी अमेरिकेत आजही जुन्या रोडस्टरांच्या रेस होतात. न्यू जर्सीत वाइल्डवूडच्या वाळूवर तर त्या बघायला गर्दी लोटते.

आज हे इंजिन बांधणारे बहुतेक जण शेव्हीवर हात बसलेले असतात, आणि बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, नसतात. ते ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव अंगात, सिलेंडरच्या शेजारी डोकं वर करून उभे असतात. त्यामुळे इथे एका ठिकाणी कमावलेल्या ताकदीची किंमत दुसऱ्या ठिकाणी चुकवावी लागते. हा हिशेब न मांडता कॅटलॉग उघडून पार्ट मागवले, तर पैसा जातो आणि गाडी मात्र होती तिथेच राहते.

ब्लॉक न तपासता पार्ट घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ब्लॉक बिडाचा आणि किमान सत्तर वर्षं जुना. व्हॉल्व्ह सीटपासून सिलेंडरच्या बोअरकडे (भोकाकडे) जाणारा तडा फार नेहमीचा. हेड बसतं त्या सपाटीवर, पाण्याच्या आणि स्टडच्या भोकांच्या मध्येही तडे असतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. ब्लॉक केमिकलमध्ये उकळून साफ करा, मग मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने तडे शोधायची तपासणी) करा आणि शेवटी पाण्याच्या जॅकेटची प्रेशर टेस्ट करा. तोवर पिस्टन, कॅम, हेड यांपैकी काहीही घेऊ नका. काही तडे शिवता येतात, काही ठिकाणी स्लीव्ह घालून निभावतं, पण तो निर्णय पैसे अडकण्याआधी व्हायला हवा.

दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेल्या फोर्डच्या लष्करी ट्रकांतून या इंजिनाचं मोठं, २३९ क्युबिक इंची रूप भारतातही आलं. असा ब्लॉक कुठे सापडला तर आनंद करा, पण हीच तपासणी आणखी कडक करा. त्या ट्रकांच्या रेडिएटरमध्ये मिळेल ते पाणी गेलेलं असतं आणि गंजाने भिंती आतून खाल्लेल्या असतात.

बोअरची हावही आवरा. १९३९ पासूनच्या २३९ इंजिनाचा मूळ बोअर ३ ३/१६ इंच. तो ३ ५/१६ केला आणि मर्क्युरीचा (फोर्डचाच दुसरा ब्रँड) ४ इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या तेवढ्या वरखाली धावेचा, क्रँक घातला की २७६ क्युबिक इंच होतात. ३ ३/८ बोअर आणि ४ १/८ स्ट्रोक घेतला तर २९६ म्हणून ओळखला जाणारा गाजलेला जोड मिळतो. पण ओतकामात कोअर थोडा सरकलेला असला तर एका बाजूची भिंत पातळ निघते. ३ ३/८ ला हात घालण्याआधी प्रत्येक सिलेंडरची जाडी अल्ट्रासोनिकने मोजून घ्या. आकडा पटला नाही तर २७६ वर थांबा. शर्यतीला उतरणारं २७६ हे फुटलेल्या २९६ पेक्षा केव्हाही बरं.

क्रँकबद्दल एकच सांगतो: क्रँकपिनमधले प्लग काढा. आत तेलाचा गाळ अडकवण्यासाठी पोकळी ठेवलेली असते. त्यात जुन्या तेलाचा काळा, मेणासारखा घट्ट गोळा बसलेला असतो, खरवडूनच काढावा लागतो. प्लग न काढता क्रँक फक्त ग्राइंड करून आणला, तर तो गोळा नव्या तेलात सुटतो आणि पहिल्याच दिवशी बेअरिंग खातो.

कॉम्प्रेशनच्या मागे धावणं

इथे जरा थांबून विचार करायला हवा, कारण फ्लॅटहेडचं सगळं गणित याच जागेत आहे. पेट्रोल-हवेचं मिश्रण व्हॉल्व्हमधून वर येतं, हेडला आपटून वळतं, ब्लॉकच्या सपाटीवरून आडवं जातं आणि मग बोअरमध्ये उतरतं. व्हॉल्व्ह आणि बोअर यांच्यामधली ती आडवी वाट जेवढी मोकळी, तेवढा इंजिनाचा श्वास मोकळा. हेड घासून कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) वाढवलं की नेमकी तीच वाट अरुंद होते. म्हणून १० किंवा ११ ला १ हे आकडे इथे आणू नका. पंपावरच्या पेट्रोलवर, सुपरचार्जर नसताना ८ ला १ च्या आसपास ठेवलेलं इंजिन वरच्या आरपीएमलाही ओढत राहतं.

उलट टोकाची चूक म्हणजे रिलीव्हिंग. व्हॉल्व्ह आणि बोअरमधली ब्लॉकची कड घासून खोल करायची ही जुनी पद्धत आहे. वाट मोकळी होते, पण कॉम्प्रेशन उतरतं. मोठा बोअर आणि लांब स्ट्रोक असेल तर ते परवडतं, लहान इंजिनात नाही. माझं मत असं की आधी पोर्ट आणि व्हॉल्व्हखालचा खिसा नीट करा, हेड चांगलं निवडा, आणि रिलीफचा विचार सगळ्यात शेवटी करा.

कॅम निवडतानाही हेच. जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उचलणारा, कॅम घातला की व्हॉल्व्ह हेडच्या छताला टेकायला येतो. यासाठी मातीची तपासणी करा: पिस्टनच्या माथ्यावर आणि दोन्ही व्हॉल्व्हवर मुलांची खेळायची माती थापा, तिला तेलाचं बोट लावा, जुनं दाबलेलं गॅस्केट घालून हेड कसा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. हेड काढून मातीला ब्लेडने चीर द्या आणि जाडी मोजा. व्हॉल्व्हवर पन्नास थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पिस्टनवर चाळीस ते पन्नास थाऊ उरले पाहिजेत. आठही सिलेंडरना हे करा. जुन्या ब्लॉकची सपाटी सगळीकडे सारखी असेलच असं नाही.

मधल्या सिलेंडरांचा धूर

या इंजिनाचा एक्झॉस्ट ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जॅकेटमधून बाहेर जातो. एका बाजूला चार सिलेंडर आणि तोंडं मात्र तीनच. मधल्या दोघांची वाट एकच: उजवीकडे २ आणि ३, डावीकडे ६ आणि ७. फायरिंग ऑर्डर १-५-४-८-६-३-७-२ बघा. ६ नंतर ७ आणि ३ नंतर २, दोन्ही जोड्या क्रँकच्या फक्त १८० अंशांच्या अंतराने पेटतात. एकाचा धूर पुरता निघालेला नसतो तेवढ्यात शेजाऱ्याचा येतो आणि दोघांची धक्काबुक्की होते. मधल्या चार स्पार्क प्लगांचा रंग टोकाच्या प्लगांपेक्षा वेगळा दिसत असेल तर लगेच कार्ब्युरेटरला दोष देऊ नका. मधल्या तोंडात विभाजक पत्रा बसवता येतो. जास्त लिफ्टचा कॅम असेल तर तो बसवाच.

गाडी रांगेतच तापते

४०२ मीटर धावण्यात इंजिन तापत नाही. स्टार्ट लाइनकडे रांगेत सरकताना तापतं. रेडिएटर बदलण्याआधी ब्लॉक बघा. पाण्याच्या जॅकेटमध्ये, विशेषतः मागच्या सिलेंडरांच्या तळाशी, मूळ ओतकामाची वाळू आणि कोअरच्या तारा अजून तशाच असतात. कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम केलेला माणूस ती वाळू हातात घेताच ओळखेल. वाकडी तार आणि पाण्याचा जोरदार फवारा घेऊन बसा आणि निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत उठू नका.

मग हेड आणि ब्लॉक एकाच पिढीचे आहेत का ते पाहा. १९३७ ते १९४८ च्या हेडचं पाणी मधून बाहेर पडतं, १९४९ पासूनच्या ८बीए हेडचं पुढून. पाण्याची भोकं जुळत नसली तर कुठलाही पंप उपयोगाचा नाही.

तेलात पाणी दिसलं तर तडाच आहे असं धरून बसू नका. हेडच्या स्टडची भोकं थेट पाण्यात उघडतात. आटे साफ करून, सीलंट लावूनच स्टड बसवायचे. अॅल्युमिनियम हेड असेल तर इंजिन गरम करून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच परत टॉर्क द्या, तेही दोन-तीनदा. गरम असताना अॅल्युमिनियम फुगलेलं असतं, त्या वेळी पान्यावर दिसणारा आकडा फसवा असतो.

शेव्हीचं टायमिंग

३४-३६ अंश एकूण अॅडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याच्या किती आधी ठिणगी पडते ते) हा शेव्हीचा आकडा. फ्लॅटहेडला साधारण २० ते २४ अंश पुरतात. त्यापुढे ठोकणं, तापणं आणि पिस्टन फुटणं. १९४८ पर्यंतच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर थेट कॅमच्या पुढच्या टोकावर बसतो आणि पुलीवर टायमिंगची खूण नसते. इंजिन बांधतानाच टॉप डेड सेंटर (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) काढून पुलीवर खूण करून ठेवा.

कार्ब्युरेटर दोन स्ट्रॉमबर्ग ९७ असले तर बहुतेकांना पुरे, मोठ्या इंजिनाला तीन. मात्र पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप लावला की ते हमखास वाहतात. त्यांच्या सुईला अडीच पीएसआयच्या वर दाब सोसत नाही, म्हणून रेग्युलेटर हवाच.

मागचा अॅक्सल

जुन्या फोर्डचा मागचा हब निमुळत्या अॅक्सलवर चावी (धातूची छोटी पट्टी) घालून बसतो. ताकद खरं तर तो निमुळता भाग पेलतो, चावी नव्हे. नट सैल राहिला तर चिकट टायरवर पहिल्याच लाँचला (जोरात सुटताना) चावी कापली जाते आणि चाक निखळू शकतं. निळी शाई लावून हब आणि अॅक्सल सगळीकडे टेकतात का ते पाहा आणि प्रत्येक रेसच्या दिवशी नट तपासा.

पहिलं स्टार्टिंग झिंक असलेल्या तेलावर करा आणि कॅम रुळेपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटं, २००० आरपीएमच्या आसपास ठेवा. आयडलवर सोडू नका. पहिल्या धावा अर्ध्या जोरावर घ्या. शेवटची रेघ ओलांडली की क्लच दाबून इग्निशन बंद करा, गाडी तशीच घरंगळू द्या आणि थांबल्यावर तिथेच आठही प्लग काढून क्रमाने मांडा. पिटपर्यंत इंजिन चालवत आलात तर रंग बदलतो आणि २, ३, ६, ७ नंबरचे प्लग काय सांगत होते ते कळत नाही.